क्षितिजापलीकडचा वेध : मार्कोनी

इटलीतील पोन्तेक्किओ या गावी १८९५ साली एका टेकडीमागून बंदुकीचा बार ऐकू आला. तो शिकाऱ्याचा नव्हता. टेकडीच्या अलीकडे एक तरुण आपल्या घरातून विजेच्या ठिणग्यांच्या साहाय्याने बिनतारी संकेत पाठवीत होता आणि संकेत पोचल्याची ग्वाही पलीकडे उभा असलेला त्याचा भाऊ बार काढून देत होता. त्या तरुणाचे नाव गुग्लिएल्मो मार्कोनी.

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी बोलोन्या येथे झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १८९६ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथेच त्यांच्या कार्याला आश्रय मिळाला.

बिनतारी लहरी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे; तेव्हा क्षितिजाखालच्या जहाजापर्यंत त्या पोचणार कशा, अशी तत्कालीन विद्वानांची शंका होती. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंड बेटावर, पतंगाने उंच नेलेल्या तारेच्या आधारे, मार्कोनी यांनी सुमारे ३,५०० कि.मी. दूर असलेल्या कॉर्नवॉलहून आलेले तीन टिंबांचे संकेत ऐकले. साक्षीला केवळ त्यांचा सहायक होता. पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही, आणि त्यात वावगे काही नव्हते. मार्कोनी वादात शिरले नाहीत. १९०२ मध्ये त्यांनी ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर संकेत कागदी पट्टीवर उमटवून घेतले. दिवसापेक्षा रात्री लहरी कितीतरी दूर जातात, हेही तेव्हा आढळले. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून त्या परततात, हे कारण पुढे सिद्ध झाले. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना ब्राउन यांच्यासमवेत मिळाले.

१९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले, तेव्हा बिनतारी हाक ऐकून ‘कार्पेथिया’ धावून आले व सुमारे ७०० जीव वाचले. परंतु ज्या जहाजावर यंत्रच नाही, ते हाक कशी देणार? धुक्यातील अशा मुक्या जहाजावर लहरी सोडाव्यात आणि परतलेल्या लहरींवरून त्याची दिशा ओळखावी, असा विचार मार्कोनी यांनी १९२२ मध्ये न्यूयॉर्क येथील व्याख्यानात मांडला. हा मान एकट्या त्यांचा मात्र नव्हे. जर्मनीच्या ह्युल्समायर यांनी १९०४ मध्येच कोलोन येथे ऱ्हाईन नदीवर तसे यंत्र चालवून दाखविले होते. त्याला ग्राहक मिळाला नाही, इतकेच.

२० जुलै १९३७ रोजी रोम येथे मार्कोनी यांचे निधन झाले. ठिकठिकाणच्या बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे मौन पाळले.

खाऱ्या पाण्याला बिलगून काही लहरी क्षितिजापलीकडे वळतात. समुद्राच्या लाटांवरून परतताना त्यांच्या कंप्रतेत ठरावीक फरक पडतो, हे १९५५ मध्ये न्यूझीलंडच्या क्रॉम्बी यांनी दाखविले. पाण्याला प्रवाह असेल तर हा फरक वाढतो किंवा घटतो आणि त्यावरून प्रवाहाचा वेग काढता येतो. भारताच्या किनाऱ्यावर राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने अशी रडार केंद्रे उभारली. सुमारे २०० कि.मी. पर्यंतच्या समुद्रपृष्ठावरील प्रवाह ती किनाऱ्यावरूनच मोजतात.