डासाच्या पोटात डोकावलेला माणूस : सर रोनाल्ड रॉस

मित्रांनो, पावसाळा आला की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर थंडीतापाची धास्ती असते. आपल्या हॉस्टेलवरही रात्री कॉइल लागतेच. पण हिवताप डासामुळे होतो, हे १८९७ पर्यंत कोणी सिद्ध केलं नव्हतं. ते केलं भारतातच जन्मलेल्या एका डॉक्टरने.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला झाला. वडील लष्करात अधिकारी. मुलाला ओढ कवितेची अन् संगीताची, वडिलांना मात्र डॉक्टरच हवा होता! (ओळखीची गोष्ट ना?) १८८१ मध्ये रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

हिवतापाचा परजीवी लाव्हेराँ यांनी १८८० मध्येच रक्तात पाहिला होता. १८९४ मध्ये लंडनला मॅन्सन यांनी तो रॉसना दाखवला आणि डासांवर संशय व्यक्त केला. १८९५ पासून रॉस सिकंदराबादेत डास कापत बसले. वाऱ्याने डास उडतील म्हणून उकाड्यातही पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. दोन वर्षं हाती काही लागेना, कारण डासाची जातच चुकीची होती!

अखेर ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. हुसेन खान या रुग्णाने डासामागे एक आणा घेऊन ते चावून घेतले. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशा एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळे कण असलेल्या पेशी दिसल्या. रुग्णांच्या रक्तातल्या परजीवीत असतात तसेच हे कण होते. लगेच राजपुतान्यात बदली झाली, काम थांबलं. १८९८ मध्ये कलकत्त्याला पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून रॉस यांनी परजीवी डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोहोचतो हे दाखवलं. मदतीला होते महंमद बक्ष. माणसातला पूर्ण प्रवास त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केला. १९०२ चं नोबेल रॉसना मिळालं.

त्या काळ्या कणांच्या पेशी तिथे येतात कशा, हे आता बरंच कळलं आहे. डासाच्या पोटात जाताच परजीवीला तापमान उतरल्याची आणि डासातल्या झँथुरेनिक आम्लाची खूण पटते. आत कॅल्शियमचा संदेश फिरतो, प्रथिनं एकामागून एक कामाला लागतात आणि दहा-पंधरा मिनिटांत नरपेशी सुटतात. नर-मादी पेशींची पटलं एकमेकांत मिसळतात. त्यातून तयार झालेला जीव जठराची भिंत पार करून तिथेच मुक्काम ठोकतो.

रॉस गणितीही होते, बरं का! हिवताप संपवायला शेवटचा डास मारायची गरज नाही; डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की साथ आपोआप विझते, हे त्यांनी समीकरणांनी मांडलं. १६ सप्टेंबर १९३२ रोजी ते वारले.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर गोळ्या डॉक्टर देतील. पण तुंबलेला ओहोळ मोकळा करणं, टाकीला घट्ट झाकण बसवणं, पाण्याला उतार देणं ही कामं कोणाची? मित्रांनो, ती आपलीच!