टपालाचे विमान आणि जे. आर. डी. टाटा

आमच्या खजरान्याच्या आकाशातून विमान जाऊ लागले म्हणजे गणेशमंदिराच्या आवारातील मुले माना उंचावून पाहतात. आजच्या वैमानिकास वाट सांगणारी यंत्रे पुष्कळ आहेत. केवळ नकाशा, होकायंत्र व घड्याळ यांवर भरवसा ठेवून उडणाऱ्या एका वैमानिकाची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. पिता पारशी, माता फ्रेंच. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डलो येथे राही. तेथे त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरियो. ब्लेरियोंनी १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने ओलांडली, तेव्हा त्यांच्याजवळ होकायंत्रदेखील नव्हते. वाऱ्याने ते डोव्हरच्या पूर्वेस ढकलले गेले. पण किनारा दिसताच त्याच्या कडेकडेने वळून त्यांनी मुक्काम गाठला. अशा शेजारी वाढलेल्या मुलास उडण्याचे वेड लागले, यात नवल ते काय!

१० फेब्रुवारी १९२९ रोजी हिंदुस्थानात दिलेला वैमानिकाचा पहिला परवाना जे. आर. डीं.ना मिळाला. पुढील वर्षी ते आगाखान पारितोषिकासाठी कराचीहून इंग्लंडकडे निघाले. प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनियर उलट दिशेने येत होते, ते इजिप्तमध्ये अबुकीर येथे इंजिनाच्या प्लगवाचून अडकलेले भेटले. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा प्लग त्यांना दिला. पारितोषिक अस्पींना मिळाले!

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांची टपालसेवा सुरू झाली. एका इंजिनाचे 'पस मॉथ' विमान घेऊन जे. आर. डी. कराचीहून निघाले. अहमदाबाद तेथून सुमारे ६०० किलोमीटर. बिनतारी यंत्र नाही, आणि वाटेत कच्छचे रण. कडेने वारा वाहिला, तर विमानाचे नाक मुक्कामाकडे असूनही विमान तिरके सरकत जाते. ६० किलोमीटरांत १ किलोमीटर बाजूस गेले, तर १ अंशाची चूक झाली, असा वैमानिकांचा सोपा हिशेब आहे. म्हणजे एका अंशाची उपेक्षा केल्यास अहमदाबाद १० किलोमीटर बाजूस राहील.

ही चूक सुधारावी कशी? समजा, खजरान्याहून उडालेले विमान ६० किलोमीटरांवर पोहोचले, आणि खाली अपेक्षित पूल उजवीकडे ५ किलोमीटरांवर दिसला. विमान ५ अंश डावीकडे ढळले आहे. आता ५ अंश उजवीकडे वळून भागत नाही. तेवढ्याने विमान मूळ रेषेला समांतर जाईल, रेषेवर येणार नाही. म्हणून १० अंश वळावयाचे, पुढील ६० किलोमीटरांत रेषा गाठावयाची, आणि मग ५ अंश परत फिरावयाचे. उरलेले ५ अंश वाऱ्याच्या वाटचे! मात्र खाली ओळखीची खूण दिसली नाही, तर सारा हिशेब फुकट. रणात अशी खूण कोठून आणावी?

जे. आर. डी. अहमदाबादेस उतरले. तेथे पेट्रोल बैलगाडीतून आले. पुढे सुरतेवरून येणारा रेल्वेमार्ग आणि समुद्रकिनारा हीच मोठी खूण, त्यामुळे वाट सोपी. जुहूला विमान उतरल्यावर नेव्हिल विंटसेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले.

१९९२ साली जे. आर. डीं.ना भारतरत्न मिळाले व २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी, १९८२ च्या १५ ऑक्टोबरला, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते 'लेपर्ड मॉथ' हे छोटे विमान घेऊन कराचीहून त्याच वाटेने पुन्हा जुहूला आले होते.