यशवंतराव चव्हाण

यशवंतराव बळवंतराव चव्हाण (जन्म: १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे, मृत्यू: २५ नोव्हेंबर १९८४, दिल्ली) हे महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री आणि १९७० ते १९७४ या काळात भारताचे अर्थमंत्री होते. दुर्बल घटकांना व गरीब देशांना सवलतीच्या अटींवर भांडवल मिळण्याचा प्रश्न त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात महत्त्वाचा ठरला.

पूर्वायुष्य

देवराष्ट्रे हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडिलांच्या अकाली निधनानंतर आई विठाबाई यांनी कष्टाने मुलांना वाढवले. कराड, कोल्हापूर व पुणे येथे शिक्षण घेऊन यशवंतराव वकील झाले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत होते. १९४६ मध्ये ते मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले.

मुख्यमंत्रिपद

त्यांच्या कारकिर्दीत झालेल्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्याने गावच्या सोसायट्या, जिल्हा बँका व साखर कारखाने यांना एकत्रित चौकट मिळाली. सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे कर्ज मंजूर झाले. जागतिक बँक गटातील ही संस्था गरीब देशांना दीर्घ मुदतीने, व्याजाऐवजी अल्प सेवाशुल्क घेऊन कर्ज देत असे. कोयनेच्या विजेने राज्यातील उद्योगांना बळ दिले. धरणाखाली गेलेल्या गावांतील लोकांना मात्र विस्थापन सोसावे लागले.

अर्थमंत्रिपद

मार्च १९७२ मध्ये चव्हाण यांनी विभेदी व्याजदर योजना जाहीर केली. तारण देऊ न शकणाऱ्या अतिगरिबांना सरकारी बँकांनी ४ टक्के व्याजाने कर्ज द्यावे, अशी ही योजना होती. मात्र तिच्यासाठी बँकांच्या एकूण कर्जांतील अगदी लहान हिस्साच राखून ठेवलेला असल्याने तिचा विस्तार मर्यादित राहिला.

त्याच वर्षी जागतिक चलनव्यवस्थेच्या सुधारणेसाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने वीस सदस्यांची समिती नेमली. तिच्यात भारताचे प्रतिनिधित्व चव्हाण यांनी केले. नाणेनिधीचे विशेष आहरण अधिकार सदस्य देशांच्या हिश्श्यानुसार वाटले जात. त्यामुळे त्यांचा मोठा वाटा श्रीमंत देशांकडे जाई. या वाटपाची विकास साहाय्याशी सांगड घालावी, ही विकसनशील देशांची मागणी होती. १९७४ मध्ये समितीचे काम संपले, तरी या मागणीवर एकमत झाले नाही. नाणेनिधीने त्याच वर्षी दीर्घ मुदतीच्या कर्जाची विस्तारित सुविधा मात्र सुरू केली.

उत्तरायुष्य

पुढे ते परराष्ट्रमंत्री, उपपंतप्रधान व आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. ‘कृष्णाकाठ’ हे त्यांचे आत्मचरित्र आहे. कराड येथे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.