रॉकफेलर : वैभवाचे बळ आणि त्याची सीमा

लक्ष्मी प्रसन्न असली की राजसत्ताही मागोमाग चालत येते, असा एक सर्वसाधारण समज आहे. नेल्सन रॉकफेलर यांचे चरित्र हा समज निम्माच खरा असल्याचे दाखविते.

१९०८ साली ते जन्मले तेव्हा त्यांचे आजोबा जॉन डी. रॉकफेलर हे ‘स्टँडर्ड ऑइल’च्या तेलसाम्राज्याचे अधिपती होते. अशा घराण्यातील तरुणाला शासनाची दारे ठोठवावी लागत नाहीत. १९४० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांच्यावर लॅटिन अमेरिकेशी असलेल्या संबंधांचे काम सोपविले. परंतु नेमणुकीच्या पदांवर त्यांचे समाधान झाले नाही. १९५८ साली न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरपदासाठी ते उभे राहिले. प्रतिस्पर्धी ॲव्हरेल हॅरिमन हेही रेल्वे-उद्योगातील कोट्यधीशाचे पुत्र. या दोन कुबेरांच्या झुंजीत रॉकफेलर विजयी झाले आणि पुढे आणखी तीन वेळा निवडून आले.

त्यांची कारकीर्द कर्तृत्वशून्य खासच नव्हती. राज्याच्या विद्यापीठाचा त्यांनी अफाट विस्तार केला, आणि सामान्य कुटुंबांतील असंख्य मुलांना उच्च शिक्षण लाभले. ऑल्बनी या राजधानीत त्यांनी संगमरवरी शासनसंकुल उभारले. मात्र गृहबांधणीच्या कर्जाला मतदार संमती देईनात, तेव्हा त्या संमतीवाचून कर्ज उभारू शकणारी महामंडळे त्यांनी निर्माण केली. त्यांपैकी नगरविकास महामंडळाला १९७५ साली देणी भागविता आली नाहीत.

त्याहून कठोर कसोटी सप्टेंबर १९७१ मध्ये आली. ॲटिका तुरुंगातील कैद्यांनी बंड करून कर्मचाऱ्यांना ओलीस धरले. रॉकफेलर यांनी तेथे यावे, अशी मध्यस्थांची विनंती होती. ते गेले नाहीत. चार दिवसांनी शस्त्रबळाने तुरुंग ताब्यात घेण्यात आला, तेव्हा कैदी व ओलीस मिळून ३९ माणसे मृत्युमुखी पडली. १९७३ साली त्यांनी अमली पदार्थांविरुद्ध कायदा केला. अवघे अडीच तोळे हेरॉइन विकणाऱ्यालाही किमान पंधरा वर्षे तुरुंगवास त्यात होता. त्याचा भार मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक वस्त्यांवर पडला. त्यातील जाचक तरतुदी बव्हंशी दूर होण्यास २००९ साल उजाडावे लागले.

राष्ट्राध्यक्षपदाने मात्र त्यांना सतत हुलकावणी दिली. १९६०, १९६४ आणि १९६८ असे तीन वेळा त्यांनी प्रयत्न केले. १९६४ च्या सॅन फ्रान्सिस्को अधिवेशनात त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या प्रतिनिधींनी त्यांची हुर्यो उडविली. अखेर १९७४ मध्ये ते उपाध्यक्ष झाले, तेही निवडणुकीने नव्हे, तर अध्यक्ष फोर्ड यांच्या नेमणुकीने. त्यापूर्वी त्यांच्या संपत्तीची आणि सहकाऱ्यांना दिलेल्या देणग्यांची काँग्रेसने कित्येक आठवडे छाननी केली. १९७६ च्या निवडणुकीत फोर्ड यांनी त्यांना सोबत घेतले नाही. २६ जानेवारी १९७९ रोजी त्यांचे निधन झाले.

धनिक राज्यकर्ता लाच खाणार नाही, असे म्हणून अनेक जण निश्चिंत होतात. पण प्रश्न तेवढाच नसतो. ज्याने आयुष्यात कधी घरखर्चाची तोंडमिळवणी केली नाही, त्याला कर्जाचे ओझे आणि तुरुंगातील पंधरा वर्षे यांचे वजन कसे कळावे? रॉकफेलर यांना सारे काही देणाऱ्या वैभवाने नेमकी हीच जाणीव दिली नाही, आणि तिच्या अभावाची किंमत इतरांनी मोजली.