ग्रीनलंडचे पाळक हान्स एगेडे

ज्या लोकांनीं शेत पाहिलें नाहीं व भाकर चाखिली नाहीं, त्यांस प्रभूची प्रार्थना कशी शिकवावी? हा प्रश्न हान्स एगेडे यांच्यापुढें होता.

त्यांचा जन्म नॉर्वे देशांत १६८६ सालीं झाला. पूर्वीं नॉर्वेचे कांहीं लोक उत्तरेकडील ग्रीनलंड बेटांत वसले होते. पुढें त्यांची वार्ता कळेनाशी झाली. त्या हरवलेल्या बंधूंना शोधावें, अशी तळमळ या तरुण पाळकास लागली. ज्याचे मिशनरी १७०६ सालीं आपल्या देशांत तरंगमबाडीस उतरले, त्याच डेन्मार्कच्या चौथ्या फ्रेडरिक राजानें त्यांस साह्य केलें. १७२१ सालीं पत्नी गेरत्रुद व चार मुलें यांसह ते तेथें पोहोंचले.

परंतु बंधु सांपडले नाहींत. भेटले ते शिकारीवर जगणारे इनुइट लोक. सील हा समुद्रांतील प्राणी त्यांचें सर्वस्व होता. त्याचें मांस तें अन्न; कातड्याचीं वस्त्रें, उन्हाळ्याचे तंबू व कयाक नांवाची हलकी होडी. हिवाळ्यांत दगडमातीच्या घरांत त्याच्याच चरबीचा दिवा उजेड व ऊब देई. शिकार मिळाली म्हणजे मांस शेजाऱ्यांस वांटीत.

एगेडे यांस त्यांची भाषा येईना. त्यांचे पुत्र पॉल व नील्स तेथील मुलांबरोबर खेळतां खेळतां ती शिकले, आणि बाप लेकरांकडून शिकला. तथापि तेथील मांत्रिकांस त्यांनीं धाक घातला, प्रसंगीं मारही दिला. हा दोष झांकूं नये.

१७३१ सालीं नव्या राजानें वसाहत मोडण्याचा हुकूम केला, तरी ते राहिले. १७३३ सालीं डेन्मार्कहून परतलेल्या एका मुलाबरोबर देवीची सांथ आली. ज्या जहाजांनीं सुवार्ता आणिली त्यांनींच मरणही आणिलें. वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. तेव्हां पतिपत्नींनीं रोग्यांस आपल्या घरांत घेऊन त्यांची शुश्रूषा केली. त्या श्रमानें खंगलेली गेरत्रुद १७३५ सालीं मरण पावली. पुढल्या वर्षीं तिचें शव घेऊन ते डेन्मार्कास परतले. तेथें ते ग्रीनलंडास जाणाऱ्या उपदेशकांस शिकवीत. १७५८ सालीं त्यांचा अंत झाला. पॉलनें इनुइट भाषेंतील नवा करार १७६६ सालीं पुरा केला.

बंधूंनो, आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर या चरित्रांत आहे. आधीं लोकांची भाषा शिकावी, त्यांच्या दिव्याजवळ बसावें, त्यांच्या दुखण्यांत जागावें. धाकानें जें झालें नाहीं तें सेवेनें झालें. ज्यांच्या शोधार्थ एगेडे गेले ते सांपडले नाहींत. जे भेटले तेच त्यांचे बंधु झाले.