टांकसाळीतला प्रिन्सेप आणि सम्राट अशोक

चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीला आणविले आणि त्यांवरील अक्षरे वाचण्यासाठी ब्राह्मण पंडितांना पाचारण केले. एकालाही ती वाचता आली नाहीत. ज्या राजाने धम्म देशोदेशी पोहोचविला, तो पुराणांच्या वंशावळीत नुसते एक नाव होऊन पडला होता. त्याला इतिहासात परत आणणारा जेम्स प्रिन्सेप हा ना शास्त्री होता ना धर्मोपदेशक. तो टांकसाळीत नाण्यांचा कस तपासणारा कंपनी सरकारचा नोकर होता.

१७९९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला प्रिन्सेप १८१९ मध्ये कोलकात्याला आला व लगेच बनारसच्या टांकसाळीत गेला. ज्या नदीच्या स्पर्शाने पुण्य बुडते म्हणून लोक भीत, त्या कर्मनाशेवर त्याने दगडी पूल बांधविला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे! १८३० साली तो कोलकात्याला परतला. पुढे एशियाटिक सोसायटीचा चिटणीस झाला.

त्याच वर्षी रणजितसिंहांचा सेनानी व्हेंचुरा याने पंजाबातील माणिक्यालाचा स्तूप खोदला. तेथील नाणी प्रिन्सेपकडे आली. या खोदकामात स्तूपाची नासधूस झालीच; पण किती खोलीवर काय सापडले याची नोंद व्हेंचुराने ठेवली होती. ती नोंद सोन्याहून मोलाची. सुटे नाणे राजाचे नाव सांगते. बंदिस्त जागी सापडलेले नाणे त्या जागेचा काळ सांगते. जिथे कनिष्काचे नाणे पुरलेले आहे, ती ठेव कनिष्काच्या आधीची असूच शकत नाही. पोथीत मागाहून श्लोक घुसडता येतात, बंद स्तूपाच्या पोटात नाणे घुसडणे तितके सोपे नाही.

अफगाणिस्तान आणि पंजाबात सापडणाऱ्या यवन राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक व दुसऱ्या बाजूला खरोष्ठी अक्षरे असत. दोन्हीकडे नाव एकच आहे, हे चार्ल्स मॅसनने हेरले आणि त्या धाग्यावरून प्रिन्सेपने खरोष्ठी लावायला घेतली. त्या नावांत एक होते मिनँडर. म्हणजे भन्ते नागसेनांना प्रश्न विचारणारा आपला मिलिंद राजा!

ब्राह्मीचेही तसेच. अगाथोक्लिसच्या नाण्यावर ग्रीकच्या जोडीला ब्राह्मी होती. तिच्यावरून लासेन या विद्वानाने १८३६ मध्ये काही अक्षरे ओळखली. १८३७ साली प्रिन्सेप सौराष्ट्राच्या क्षत्रपांची नाणी वाचण्यात गढलेला असताना सांचीच्या कठड्यावरील लेखांच्या नकला त्याच्या हाती आल्या. बहुतेक लेखांचा शेवट त्याच अक्षरांनी होत होता. हे दान दिल्याचे लेख असावेत, असा त्याने तर्क केला आणि दानं हा शब्द उलगडला. हे दाते कोण? भिक्खुणी, व्यापारी, विणकर. म्हणजे सामान्य लोकांच्या दानाने सम्राटाच्या शिलालेखांचे कुलूप उघडले. दिल्लीचा स्तंभ वाचला गेला. त्यावरील पियदसी राजा म्हणजेच अशोक, हे सिलोनच्या पाली ग्रंथांवरून जॉर्ज टर्नर यांनी दाखविले. १८३८ साली गिरनारच्या लेखात यवन राजा अँटिओकसचे नाव सापडले आणि अशोकाचा काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात पक्का झाला.

अतिश्रमाने प्रकृती ढासळली. प्रिन्सेप इंग्लंडला परतला आणि १८४० साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, लंडनमध्ये वारला. त्याचा नाणेसंग्रह १८४७ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला. माणिक्यालाच्या स्तूपातील ठेव पाहायची, तर आजही लंडनचेच तिकीट काढावे लागते.