उजेडाचे डॉक्टर : नील्स फिनसेन



डॉ. नील्स फिनसेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांवर झाला. ही बेटे डेन्मार्कच्या राज्यात आहेत. तिथे हिवाळ्यात दिवस पाच-सहा तासांचाच असतो. नील्स चार वर्षांचे असताना त्यांची आई वारली. शाळेत मास्तरांना वाटायचं की हा मुलगा मनाने चांगला आहे, पण अभ्यासात कच्चा आहे. तरी त्यांनी शिक्षण सोडलं नाही. १८९० साली ते कोपनहेगन शहरात डॉक्टर झाले.

तरुणपणीच त्यांना मोठा आजार जडला. सारखा थकवा यायचा. त्यांच्या घरात ऊन येत नसे. एकदा खिडकीतून त्यांना एक मांजर दिसलं. अंगावर सावली आली की ते उठून परत उन्हात बसायचं. मुक्या जनावराला ऊन का हवं असतं, याचा ते विचार करू लागले. त्यांनी गांडुळांच्या पेटीवर रंगीत काचा ठेवल्या. निळ्या काचेखालची गांडुळं वळवळत तांबड्या काचेखाली गेली. म्हणजे उजेड बरं करतो आणि इजाही करतो, हे त्यांना कळलं.

तेव्हा चेहऱ्याच्या कातडीचा क्षयरोग होई. नाक, गाल झडत. १८९५ साली त्यांनी एका रोग्याच्या चेहऱ्यावर विजेच्या प्रखर दिव्याचा उजेड भिंगातून पाडला. तो रोगी बरा झाला. १८९६ साली त्यांची संस्था निघाली. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा ते चाकाच्या खुर्चीत होते. २४ सप्टेंबर १९०४ रोजी ते वारले. वय फक्त ४३ वर्षे.

पुढची गोष्ट आमच्या गुरुजींनी सांगितली. उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते जिवांना इजा करतात. १९४९ साली अमेरिकेत केल्नर या शास्त्रज्ञांना दिसलं, की या किरणांनी मरायला टेकलेले सूक्ष्म जीव साध्या उजेडात ठेवले तर पुष्कळ वाचतात. बेडूक आणि मासे यांचंही तसंच आहे. त्यांच्या अंगात एक पदार्थ असतो. निळ्या उजेडाने तो कामाला लागतो आणि इजा दुरुस्त करतो. आपल्या खाचरातल्या बेडकाच्या पिल्लांनाही हे औषध फुकट मिळतं.

पण माणसाच्या अंगात तो पदार्थ नाही. आपलं शरीर दुसऱ्या रीतीने दुरुस्ती करतं, पण ती पुरी पडेलच असं नाही. माझे बाबा उन्हाळ्यात भर दुपारी शेताचे बांध घालतात. आता मी त्यांना डोक्याला टॉवेल आणि लांब बाह्यांचा सदरा घालायला सांगतो. तुम्ही पण घरी सांगा.

फिनसेन स्वतः आजारी असून दुसऱ्यांना बरे करत होते. म्हणून ते मला आवडतात. आणि अभ्यासात मागे असलेल्या मुलाला कुणी ढ म्हणू नये. मला पण भागाकार जमत नाही.

– इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद शाळा, ता. पनवेल